व्यसनहानि-न्यूनीकरण

मादक पदार्थांचे सेवन तत्काळ थांबविण्याची पूर्वअट न घालता, त्या सेवनामुळे व्यक्तीला, तिच्या कुटुंबाला व समाजाला होणारी हानी शक्य तितकी कमी करण्याच्या उपायांस व्यसनहानि-न्यूनीकरण म्हणतात. निर्जंतुक सुया व सिरिंजा पुरविणे, हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांऐवजी वैद्यकीय देखरेखीखाली पर्यायी औषध देणे, अतिमात्रेवरील उतारा जवळपास उपलब्ध ठेवणे, संसर्गांची तपासणी व जखमांवरील उपचार हे त्यांतील प्रमुख उपाय होत. व्यसनमुक्तीचे ध्येय या विचाराने नाकारलेले नाही. तथापि मुक्त होण्यासाठी माणूस आधी जिवंत राहिला पाहिजे, हे त्याचे मूळ गृहीत आहे.

पूर्वपीठिका : व्यसनी व्यक्ती ही गुन्हेगार की रुग्ण, हा वाद विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आला आहे. अमेरिकेत १९१४ च्या हॅरिसन कायद्यानंतर व्यसनी रुग्णांना मॉर्फिन लिहून देणाऱ्या डॉक्टरांवर खटले भरले गेले. ब्रिटनमध्ये याउलट, सर हंफ्री रोलस्टन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२६ मध्ये वेगळा निर्णय दिला. जे रुग्ण औषध पूर्णतः बंद केल्यास सर्वसामान्य जीवन जगू शकत नाहीत, पण अल्प व नियमित मात्रेवर कामधंदा करू शकतात, त्यांना ती मात्रा देणे हा योग्य वैद्यकीय उपचारच होय, असे समितीने म्हटले. भारतातही अशी क्रमिक पद्धत अनुसरली गेली होती. अफूचे तोंडाने होणारे अवैद्यकीय सेवन दहा वर्षांत संपुष्टात आणण्याचे धोरण १९४९ मध्ये ठरले. त्या काळात जुन्या अफूबाजांची नोंदणी करून त्यांना ठराविक मात्रेत अफू देण्याची व्यवस्था होती.

स्वयंसाहाय्याचा प्रवाह : व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांना आधार देण्याची दुसरी परंपरा व्यसनी व्यक्तींनीच निर्माण केली. अमेरिकेतील ॲक्रन (ओहायओ) येथे १९३५ मध्ये बिल विल्सन हा दलाल व बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक या दोघा मद्यपींच्या भेटीतून ‘अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना उदयास आली. एका मद्यपीला दुसरा मद्यपीच उत्तम समजून घेऊ शकतो, हा तिचा अनुभवसिद्ध सिद्धांत होय. ‘आजच्या दिवसापुरते’ न पिण्याचा निश्चय, नियमित सभा व अनामिकता ही तिची वैशिष्ट्ये आहेत. १९५७ च्या सुमारास तिचे कार्य मुंबईत सुरू झाले. याच धर्तीवर अन्य मादक पदार्थांच्या व्यसनींसाठी १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात ‘नार्कॉटिक्स ॲनॉनिमस’ स्थापन झाली. या गटांचा भर पूर्ण वर्जनावर आहे.

एड्सची साथ व नवा विचार : न्यूयॉर्क येथे व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वांडर यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास मेथाडोन या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाने हेरॉइनची ओढ आटोक्यात ठेवता येते, असे दाखविले. परंतु हानि-न्यूनीकरणाला चळवळीचे रूप आले ते १९८० नंतरच्या दशकात. नेदर्लंड्समध्ये हेरॉइन घेणाऱ्यांनी स्वतःच्या संघटना स्थापिल्या होत्या. यकृतशोथाचा (कावीळ ब) प्रसार रोखण्यासाठी ॲम्स्टरडॅम येथील अशा संघटनेच्या पुढाकाराने व नगरपालिकेच्या आरोग्य विभागाच्या साहाय्याने १९८४ मध्ये वापरलेल्या सुयांच्या बदल्यात नव्या सुया देण्यास प्रारंभ झाला. एडिंबरो शहरात याच सुमारास सिरिंजांच्या विक्रीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे एकच सुई अनेकजण वापरीत. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील तपासलेल्या व्यसनींपैकी सु. निम्म्यांना एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे आढळले. सुया दुर्मिळ केल्याने व्यसन थांबत नाही, मात्र रोग पसरतो, हा धडा त्यातून मिळाला. त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये सुया बदलून देणारे केंद्र निघाले आणि १९९० मध्ये या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद त्याच शहरात भरली.

भारत : म्यानमारच्या सीमेलगत असलेल्या मणिपूरमध्ये हेरॉइन शिरेतून टोचून घेण्याची प्रथा १९८० नंतरच्या दशकात तरुणांत पसरली. सप्टेंबर १९८९ पर्यंतच्या तपासण्यांत त्यांच्यात एचआयव्हीचा संसर्ग आढळला नव्हता. पुढील सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी सु. ५०% संसर्गित असल्याचे दिसून आले. पोलिसांची भीती व समाजाचा बहिष्कार यांमुळे हे तरुण लपून राहत व रुग्णालयात येत नसत. परिणामी केंद्रांनाच त्यांच्यापर्यंत जावे लागले. पूर्वी व्यसनी असलेले कार्यकर्ते वस्त्यांत फिरून सुया, मलमपट्टी व माहिती देऊ लागले. १९९६ मध्ये मणिपूर राज्याने आपल्या एड्सविषयक धोरणात हानि-न्यूनीकरणाला स्थान दिले. दिल्लीत १९९३ च्या सुमारास जिभेखाली ठेवावयाच्या ब्यूप्रेनॉर्फिन गोळीचा पर्यायी औषध म्हणून वापर सुरू झाला. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७–१२) हे उपाय शासकीय कार्यक्रमाचा भाग झाले.

महाराष्ट्रात मुंबईमार्गे ‘ब्राऊन शुगर’ म्हणजेच गर्द १९८० नंतरच्या दशकात पसरली. तिचा धूर ओढण्याचा प्रकार येथे अधिक होता. वांद्रे (मुंबई) येथे १९८१ मध्ये फादर ज्यो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ स्थापिले. पुणे येथे अनिल अवचट व सुनंदा अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे १९८६ मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. या संस्थांचे ध्येय पूर्ण वर्जन हेच असले, तरी बऱ्या झालेल्या व्यसनींना कार्यकर्ते करणे, कुटुंबीयांना उपचारात सहभागी करून घेणे व उपचारानंतर दीर्घकाळ संपर्क ठेवणे या बाबतींत त्यांचे हानि-न्यूनीकरणाच्या कार्याशी निकटचे साम्य आहे.

कायदा : गुंगीकारक औषधे व मनःप्रभावी पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये सेवन हाही अपराध आहे. त्याच्या ६४ अ या कलमान्वये स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस विवक्षित अपराधांसंबंधी खटल्यापासून मुक्तता मिळू शकते. मात्र उपचार पूर्ण न केल्यास ही सवलत काढून घेता येते. पुन्हा व्यसनाकडे वळणे हे या आजाराचे नित्याचे लक्षण असल्यामुळे ही तरतूद सर्वांत दुर्बल रुग्णांना निरुपयोगी ठरते, असा आक्षेप घेतला जातो. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःच्या वापरापुरता, सु. दहा दिवसांचा साठा बाळगणे हे फौजदारी अपराधांतून वगळले व अशा व्यक्तींची प्रकरणे विधिज्ञ, आरोग्य व समाजकार्य या क्षेत्रांतील सदस्यांच्या मंडळांकडे सोपविली. साठा बाळगण्यावरील बंदी तेथे कायम आहे. फरक आहे तो पुढील कारवाईच्या स्वरूपात.

मूल्यमापन : सुया पुरविल्याने व्यसनास उत्तेजन मिळते, हा या पद्धतीवरील जुना आक्षेप होय. विविध देशांतील पाहण्यांत तसे आढळलेले नाही. उलट केंद्रावर नियमित येणारी व्यक्ती कालांतराने उपचारासाठी तयार होण्याची शक्यता वाढते. दुसरीकडे, केवळ काही दिवस व्यसन तोडून रुग्णाला घरी पाठविणे अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत धोक्याचे ठरते. वर्जनाच्या काळात शरीराची सहनक्षमता घटते. अशा वेळी पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतल्यास श्वसन बंद पडून मृत्यू येतो. तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्यांनाही हाच धोका असतो. वेळीच नालोक्झोन हे उताऱ्याचे औषध दिल्यास प्राण वाचू शकतात. शिकागो येथे १९९६ पासून ते सेवन करणाऱ्यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या हाती देण्यात येऊ लागले. मेथाडोन व ब्यूप्रेनॉर्फिन यांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

भारत सरकारच्या वतीने करण्यात आलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सु. ७७ लाख, तर मादक द्रव्ये टोचून घेणाऱ्यांची सु. ८·५ लाख होती. एवढ्यांना एकाच मार्गाने मदत पोहोचणे शक्य नाही. वर्जनावर आधारलेली स्वयंसाहाय्य परंपरा व हानि-न्यूनीकरण हे एकेकाळी परस्परविरोधी मानले गेलेले प्रवाह वस्तुतः एकाच वाटेवरील दोन टप्पे ठरतात. पहिला टप्पा माणसाला जगवितो, दुसरा त्याला सोबत देतो. दोन्हींचे यश शेवटी व्यसनी व्यक्तीला तुच्छ न लेखणाऱ्या शेजारावर अवलंबून असते.