एक विष आणि एकूणपन्नास वर्षें
प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या व त्यांच्या नलिका असतात. नलिकेचें दुखावलेलें अस्तर पुन्हां भरून येऊं शकतें. परंतु समूळ नष्ट झालेली गाळणी प्रौढ देह नव्यानें घडवीत नाहीं. म्हणूनच रोगाचें कारण आधीं ओळखण्याचें महत्त्व फार. १९३७ सालीं अमेरिकेंत एका पातळ औषधानें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. त्यांतील डायएथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडांचा घात करतें, हें जगाला कळलें. १९३८ सालीं तेथें कडक कायदाही झाला. तरी १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनांत तेंच विष निघालें आणि १४ रुग्ण प्राणांस मुकले. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या चौकशी आयोगानें औषधखरेदी व औषधनियंत्रण यांतील ढिलाई उघड केली. कारण शोधणारे आपलें काम करून गेले होते; राखण करणारे मात्र निजले होते.