त्रिएस्तचा अडसर

एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाला वसलेले त्रिएस्त हे बंदर 1918 पर्यंत हाब्सबुर्ग सम्राटांच्या अमलाखाली होते. पुढे ते इटलीच्या पदरात पडले, आणि दुसरे महायुद्ध संपल्यावर इटली व युगोस्लाव्हिया या दोघांनीही त्यावर हक्क सांगितल्यामुळे 1947 च्या तहान्वये स्वतंत्र प्रदेश ठरवून शहराचा कारभार इंग्रज-अमेरिकन लष्करी अंमलदारांकडे सोपविण्यात आला. आपण अखेर कोणत्या राज्याचे प्रजाजन ठरणार याच्या निवाड्याची वाट पाहणाऱ्या या शहराचा त्रिएस्तिना नावाचा फुटबॉल संघ मात्र इटालियन साखळीतच खेळत राहिला. 5 फेब्रुवारी 1932 रोजी याच शहरात, खलाशी पिता आणि स्लोव्हेन माता यांच्या पोटी जन्मलेला चेझारे मालदिनी 1952-53 च्या हंगामात त्या संघातून प्रथम श्रेणीत उतरला आणि 1954 मध्ये मिलानला गेला. त्रिएस्त पुन्हा इटलीत सामील झाले तेही त्याच वर्षी.

या सरहद्दीवरच्या शहराने इटालियन फुटबॉलला केवळ एक खेळाडू दिला नाही. 1946-47 मध्ये त्रिएस्तिना साखळीत अगदी तळाला गेली असता, क्रीडेपेक्षा राष्ट्रभावनेच्याच कारणास्तव तिला प्रथम श्रेणीत राहू देण्यात आले, आणि पुढच्याच वर्षी नेरेओ रोक्को या स्थानिक प्रशिक्षकाच्या हाताखाली तोच संघ दुसऱ्या स्थानी पोहोचला. ज्या पद्धतीने हे साधले ती 'कातेनाच्चो', म्हणजे अडसर, या नावाने पुढे जगभर गाजली आणि बदनामही झाली. तिचे मूळ स्वित्झर्लंडात कार्ल राप्पान याने 1930 नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांत सापडते, आणि इटलीत जिपो विआनी यानेही सालेर्नोच्या संघात रोक्कोच्याच सुमारास तसाच प्रयत्न केला होता. बचावफळीतल्या प्रत्येकाने प्रतिपक्षाचा एकेक आघाडीपटू वाटून घ्यायचा, सावलीसारखे त्याच्या मागे राहायचे, आणि या सर्वांच्या पाठीशी एक गडी मोकळा ठेवायचा, ज्याच्यावर कोणा एकाची जबाबदारी नाही म्हणूनच साऱ्यांच्या चुकांची आहे, असा हा बेत होता. या मोकळ्या गड्यास 'लिबेरो' म्हणत. टीकाकारांना यात भ्याडपणा दिसला. पण ज्यांच्या खजिन्यात नामांकित आघाडीपटू विकत घेण्याइतके द्रव्य नव्हते, त्या दुर्बल संघांनी बलाढ्यांपुढे टिकून राहण्यासाठी शोधलेला तो उपाय होता, हे विसरता कामा नये.

विआनी आणि रोक्को हे दोघेही यथाकाल मिलानमध्ये आले, आणि दुर्बलांचे हे शस्त्र एका श्रीमंत संघाच्या हाती पडले. तेथे बचावफळीच्या मध्यभागी मालदिनी उभा होता. चेंडू मिळताच तो दूर भिरकावून देणे हा त्या काळच्या बचावपटूंचा शिरस्ता असताना, हा उंच, सडपातळ माणूस चेंडू पायाशी ठेवून, मान वर करून, शांतपणे पुढे काढीत असे. क्वचित या आत्मविश्वासाचा अतिरेक होऊन चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होई, आणि अशा प्रमादांना वृत्तपत्रांनी 'मालदिनाते' असे त्याच्याच नावाचे बिरुद लावले होते. तरीही 1955, 1957, 1959 आणि 1962 या चार वर्षी मिलानने साखळी जिंकली, आणि 22 मे 1963 रोजी वेम्बलीच्या मैदानावर बेन्फिकाचा 2-1 असा पराभव झाल्यावर युरोपीय चषक प्रथमच एका इटालियन संघाकडे आला. प्रशिक्षक रोक्को आणि कर्णधार मालदिनी, दोघेही त्रिएस्तचेच.

प्रशिक्षकाच्या धंद्यातली मालदिनीची प्रारंभीची वर्षे मिलान, फोज्जा, तेर्नी, पार्मा अशी फिरतीत गेली. 1979 मध्ये पार्माला वरची श्रेणी मिळवून देणारा निर्णायक सामना त्याने जिंकला तो दैवयोगाने त्रिएस्तिनाविरुद्धच, आणि त्यात दोन गोल करणारा तरुण होता कार्लो आन्चेलोत्ती. त्यानंतर राष्ट्रीय प्रशिक्षक एन्झो बेआरझोत याचा साहाय्यक म्हणून इटलीच्या 1982 च्या विश्वविजयात त्याचा वाटा होता. पण त्याची खरी कारकीर्द 1986 मध्ये, एकवीस वर्षांखालील राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती आल्यावर सुरू झाली. त्याच सुमारास मिलानमध्ये आर्रिगो साक्की याने अडसराची पद्धत मोडीत काढून, माणसाऐवजी जागेचे रक्षण करणारी आणि प्रतिपक्षाला त्याच्याच मुलुखात कोंडणारी नवी रीत रूढ केली होती, आणि 1991 मध्ये राष्ट्रीय संघही त्याच्याच हवाली झाला. अशा वेळी मालदिनीने तरुणांना जुनीच विद्या शिकविली, आणि 1992, 1994 व 1996 अशी लागोपाठ तीन युरोपीय अजिंक्यपदे मिळविली.

1996 च्या अखेरीस साक्कीने पद सोडले तेव्हा ज्येष्ठ संघ मालदिनीकडे आला. झोलाच्या एका गोलावर वेम्बलीत इंग्लंडचा पराभव झाला. मॉस्कोच्या बर्फात जखमी गोलरक्षक पालिऊकाच्या जागी कोवळ्या बुफोनने पदार्पण केले. आणि 1998 च्या विश्वचषकासाठी त्याने ज्युझेप्पे बेर्गोमी या 34 वर्षांच्या बचावपटूला पुन्हा पाचारण केले, जो 1982 चा अंतिम सामना वयाच्या अठराव्या वर्षी खेळला होता. उपांत्यपूर्व फेरीत यजमान फ्रान्सशी गोलशून्य बरोबरी झाली, पेनल्टींत दि बिआजिओचा फटका आडव्या दांडीवर आदळला, आणि त्या पराभवाबरोबर मालदिनीची राष्ट्रीय नोकरीही संपली. त्यानंतर 2001 मध्ये काही महिन्यांपुरता तो मिलानचा प्रशिक्षक झाला आणि इंटरवर 6-0 असा विजय मिळविला, तर 2002 च्या विश्वचषकात, सत्तर वर्षांच्या वयात, त्याने पॅराग्वेला दुसऱ्या फेरीपर्यंत नेले. 3 एप्रिल 2016 रोजी त्याचे निधन झाले.

आपल्याकडील गायनाच्या घराण्यांत जशी विद्या पित्याकडून पुत्राकडे जाते, तशी ती येथेही गेली. 1998 च्या संघाचा कर्णधार त्याचा पुत्र पाओलो होता. मिलानकडून 902 सामने खेळणाऱ्या या पुत्राने 2003 मध्ये, पित्याच्या विजयानंतर बरोबर चाळीस वर्षांनी, कर्णधार म्हणून तोच युरोपीय चषक उचलला. नातू दानिएल 2020 मध्ये मिलानकडून उतरला तो मात्र आक्रमक खेळाडू म्हणून. पण मालदिनीचा वारसा रक्तापुरता मर्यादित नव्हता. 2006 च्या विश्वविजेत्या इटलीचा कर्णधार कान्नावारो, तसेच नेस्ता आणि तोत्ती, हे सारे त्याच्या तरुण संघांतून गेलेले होते, आणि त्या स्पर्धेतील सात सामन्यांत इटलीवर झाले अवघे दोन गोल: एक स्वतःच्याच खेळाडूकडून, दुसरा पेनल्टीवर. तोवर लिबेरो इटलीच्या मैदानांवरून नाहीसा झाला होता आणि रांगेने उभी राहणारी चौघांची बचावफळी सर्वमान्य झाली होती. साक्कीचे मत जिंकले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्या चौघांना प्रतिपक्षाचा गडी ओळखून वेळीच रोखण्याचे शिक्षण ज्या शाळेत मिळाले होते, ती शाळा जुन्या पद्धतीचीच होती.