दोन हृदयांची नाडी

'डोहाळे' म्हटले की आपल्याला चिंचा-कैऱ्या आठवतात. या शब्दाचे मूळ संस्कृत 'दोहद' किंवा 'दौहृद' या शब्दात सांगितले जाते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते म्हणून गर्भिणीला दोन हृदयांची, 'दौहृदिनी', म्हटले आहे. शब्द सुंदर आहे. पण त्या दोहोंपैकी जे हृदय आईचे, त्यावर या काळात किती भार पडतो हे मोजण्याची साधने हाती यायला विसावे शतक उजाडावे लागले.

मी डॉक्टर नाही. जुनी वैद्यकीय पुस्तके जमवण्याच्या नादातून या विषयाकडे वळलो, आणि सर जेम्स मॅकेंझी यांचे १९२१ सालचे हृदयरोग आणि गर्भारपण या विषयावरचे पुस्तक हाती आल्यावर त्यातच अडकलो.

आधी थोडे शरीराबद्दल. गरोदरपणात बाईच्या अंगातले रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते आणि नाडी मिनिटाला दहा ते वीस ठोक्यांनी जलद होते. ही निसर्गाचीच व्यवस्था, त्यात भिण्यासारखे काही नाही. विसावा घेत असतानाही ठोके शंभराच्या वर राहिले, तर मात्र कारण शोधावे लागते. ते पंडुरोग असेल, ताप असेल, थायरॉइड असेल, नाही तर हृदयाच्या विद्युतप्रवाहातला बिघाड. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये रक्त कमी आढळले. तेव्हा आपल्याकडे पहिला संशय कुठे जावा हे सांगायला नको.

सर्वांत घातक जोडी जलद नाडी आणि संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली मायट्रल झडप यांची. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय क्षणभर सैलावते, आणि तेवढ्या अवधीत वरच्या डाव्या कप्प्यातले रक्त या झडपेतून खाली उतरते. ठोके वाढले की हा अवधी घटतो. दार चिंचोळे, त्यात वेळही अपुरा. मग रक्त मागे फुफ्फुसांत तुंबते आणि बाईला धाप लागते. प्रसूतीच्या कळा, आणि मूल बाहेर आल्याबरोबर आवळत्या गर्भाशयातून हृदयाकडे येणारा रक्ताचा लोंढा, हे सारे नेमके याच वेळी.

बर्नली हे लँकाशायरमधले कापडगिरण्यांचे गाव. स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा असलेला मॅकेंझी १८७९ साली तिथे साधा कुटुंबवैद्य म्हणून आला. सुरुवातीच्या वर्षांतच त्याच्या देखरेखीखालची एक तरुण स्त्री बाळंतवेणांत हृदय थकून त्याच्या डोळ्यांदेखत गेली. पुढचा त्याचा सगळा अभ्यास या मृत्यूतून सुरू झाला असे चरित्रकार सांगतात. वैद्याच्या मनस्तापाविषयी त्यांनी भरभरून लिहिले आहे. ती बाई मात्र त्यांच्या लेखी बिननावाची 'केस'. मला हे खटकते.

मॅकेंझीने मग काय केले? इस्पितळ नाही, प्रयोगशाळा नाही. त्याने पॅडिहमच्या शॉ नावाच्या घड्याळजीला हाताशी धरून एक यंत्र घडवले. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची हालचाल ही दोन्ही एकाच कागदी फितीवर शेजारी शेजारी उमटवणारा हा 'पॉलिग्राफ'. तो घेऊन तो तेच ते रुग्ण वर्षानुवर्षे पाहत राहिला. कुठली अनियमित नाडी निरुपद्रवी आणि कुठली धोक्याची, हे त्याला कळले ते या चिकाटीमुळे. फिरत्या रुग्णांच्या मोठ्या इस्पितळात हे साधले नसते.

त्या काळी वैद्यकावर पॅरिसच्या मिशेल पेतेर यांच्या सल्ल्याचा पगडा होता. (पाश्चरला कडाडून विरोध करणारे पेतेर ते हेच.) हृदयरोगी मुलीने लग्न करू नये, लग्न झालेच तर गरोदर राहू नये, आणि मूल झालेच तर त्याला अंगावर पाजू नये, अशी ही चढती बंदी. झडपेत नुसता आवाज ऐकू आला की मुलीचे आयुष्य ठरून जाई. मॅकेंझीने हे नाकारले. आवाजाला घाबरू नका, बाई रोजच्या कामात किती थकते, जिना चढताना थांबते का, तिच्या हृदयात शिल्लक ताकद किती, हे पाहा असे तो सांगू लागला. धोका त्याने लपवला नाही. अरुंद झडपेसोबत कायमची बेताल नाडी किंवा हृदय थकल्याची लक्षणे असतील, तर गरोदर राहू नका असेच त्याचे मत होते. पण उरलेल्या कितीतरी जणींचे मातृत्व केवळ भीतीपोटी हिरावले जाऊ नये, हा त्याचा आग्रह होता, आणि मला तो त्याच्या यंत्रापेक्षा मोठा वाटतो.

या शिकवणीची दुसरी बाजू त्याचे भक्त फारशी बोलत नाहीत. खरे दुखणे झडपेचे नव्हे, हृदयाच्या स्नायूचे, हे मत मॅकेंझी आणि त्याच्या परंपरेतल्यांनी इतके रुजवले की झडपेवर शस्त्रक्रिया करण्याची कल्पना अडगळीत पडली. सर लॉडर ब्रंटन यांनी ती १९०२ सालीच 'लॅन्सेट'मध्ये मांडली होती. ज्या चिंचोळ्या झडपेने गर्भवती दगावत, ती रुंद करता येईल का हा प्रश्नच वैद्यकाने बाजूला ठेवला.

मॅकेंझी जानेवारी १९२५मध्ये वारला. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमध्ये हेन्री साउटर यांनी एका किशोरवयीन मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून तीच झडप मोकळी केली. मुलगी वाचली आणि घरी गेली. त्यानंतर साउटर यांच्याकडे अशा शस्त्रक्रियेसाठी दुसरा रुग्ण कोणीही पाठवला नाही. ही शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाली ती थेट १९४८ साली, आणि नंतर गरोदर स्त्रियांवरही होऊ लागली.