तळटीप : ‘टू’च्या पुढची जागा

* मास्तरांनी वहीतल्या ‘टू कम्प्लीटली अंडरस्टँड’वर तांबडी रेघ का मारली, हे आजच्या वाचकाला चटकन कळणार नाही. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवू नये, असा तेव्हाचा शाळकरी दंडक होता. हेन्री आल्फर्ड या इंग्रज धर्मगुरूने १८६४च्या आपल्या पुस्तकात अशा रचनेला नाक मुरडलं, आणि पुढे तेच व्याकरण म्हणून शिकवलं गेलं. लॅटिनमध्ये हे रूप एकाच शब्दाचं, म्हणून इंग्रजीतही ते अखंड ठेवावं, असंही समर्थन केलं जाई. तसं आपलं ‘समजायला’ही एकसंधच, ‘पूर्णपणे’ मुकाट्याने त्याच्या आधी बसतं. पण इंग्रजीत जागा बदलली की अर्थ सरकतो. ‘ही फेल्ड टू कम्प्लीटली अंडरस्टँड’ म्हणजे त्याला थोडंफार कळलं, पुरतं नाही. ‘ही कम्प्लीटली फेल्ड टू अंडरस्टँड’ म्हणजे त्याला काडीचंही कळलं नाही. मास्तरांची दुरुस्ती ही दुसरी. म्हणजे शुद्धीच्या नादात त्यांनी मुलाचं म्हणणंच फिरवलं! ‘टू मोअर दॅन डबल’मधलं ‘मोअर दॅन’ तर तिथून हलवताच येत नाही. फाउलर यांनी १९२६च्या ‘मॉडर्न इंग्लिश युसेज’मध्ये या दंडकाचा धसका घेणाऱ्यांना चिमटे काढले होते, ते मास्तरांपर्यंत पोचले नसावेत. या आवृत्तीत वाक्य लेखकाने मुळात लिहिलं तसंच ठेवलं आहे. — संपा.