आधी आवाज, मग बँड

आमच्या भिवंडीत सायझिंगमधून ताण्याचं भरलेलं बीम येतं, मागावर चढतं आणि मगच धोटा बाणा घेऊन धावतो. क्वीन या बँडचा शेवटचा स्टुडिओ अल्बम ‘मेड इन हेवन’ असाच विणलेला आहे: आधी आवाजाचा ताणा, मग वाद्यांचा बाणा. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ला गेला. अल्बम आला ६ नोव्हेंबर १९९५ला. मधल्या काळात उरलेल्या तिघांनी त्याच्या आवाजाभोवती वाद्यं भरली. दोन गाणी तर त्याच्या १९८५च्या एकल अल्बममधली, नव्या साथीनिशी.

या रीतीचं कूळ शोधताना ‘द डोअर्स’चं नाव हटकून निघतं. त्या बँडचा गायक जिम मॉरिसन याने आपल्या कविता ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. तो गेल्यावर साथीदारांनी त्यांना संगीत देऊन १९७८मध्ये ‘अ‍ॅन अमेरिकन प्रेयर’ काढला. मला ही सोयरीक पटत नाही. मॉरिसन कविता वाचत होता, बँडसाठी जागा सोडत नव्हता. फ्रेडी मे १९९१मध्ये माँत्रोच्या स्टुडिओत ड्रम मशीनच्या ठेक्यावर या अल्बममधलं ‘मदर लव्ह’ गायला, तो पुढचं साथीदार पुरं करतील हे धरूनच. शेवटचं कडवं नंतर गाऊ म्हणून राहिलं, ते साथीदार ब्रायन मेने गायलं.

नसलेल्या वाद्यांना जागा ठेवून गायचं, हे फ्रेडीला साधलं कसं? माझ्या मते त्याचं मूळ पाचगणीत आहे. झांझिबारचा फारोख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी, लहानपणीच तिथल्या सेंट पीटर्स शाळेत आला. पोरांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात मुख्य गायक होता ब्रूस मरे, आणि पुढे जग गाजवणारा हा गळा मागे पियानोवर! दुसरा गात असताना कुठे भरायचं, कुठे हात आवरायचा, हे त्याच्या बोटांना तिथेच कळलं असणार. क्वीनमधली वीस वर्षांची सवयच त्याला पुरेशी होती, असं कोणी म्हणेल. सवय मान्य, पण तिची पहिली तालीम पाचगणीची. अल्बमचं पहिलं गाणं ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ घ्या. १९८०मध्ये म्युनिकला त्याने पियानोवर सहज छेडलेल्या तुकड्यातून ते उभं राहिलं. म्हणजे बँडच्या शेवटच्या अल्बमचं दार उघडलं ते पियानोवाल्या फारोखनेच.

‘मदर लव्ह’ ऐकाल तेव्हा दोन ओळींमधल्या जागांकडे कान द्या. त्या त्याने मुद्दाम सोडल्या असाव्यात, असं मला वाटतं.