मुंबई इंडियन्स पहिली मॅच हरली की टेन्शन घ्यायचं का?

अटल सेतूवरून वानखेडे गाठणाऱ्या उलव्यातल्या चाहत्यांना हे पाठ झालंय: २०१३ ते २०२५, सलग १३ हंगाम मुंबई इंडियन्स आयपीएलची पहिली मॅच हरली. पण पाचही ट्रॉफ्या याच काळातल्या! २०१५ मध्ये तर पहिल्या चारही मॅच गमावून मुंबई चॅम्पियन झाली. साखळीत १४ मॅच, त्यामुळे सावरायला वेळ मिळतो.

खरं लक्ष ठेवा बॉलिंगवर. २०२५ मध्ये पाठीच्या दुखापतीमुळे जसप्रीत बुमरा पहिल्या चार मॅचना नव्हता. त्यातल्या तीन हरल्या. कोलकात्याविरुद्ध जिंकलो ते नवख्या अश्वनी कुमारमुळे, पदार्पणातच ४ विकेट! बुमरा परतला त्या मॅचमध्ये बंगळुरूने हरवलंच, पण त्यानंतर मुंबईने सलग ६ मॅच जिंकल्या आणि प्लेऑफही गाठली.