अ‍ॅनाफिलॅक्सिस
काही मिनिटांत जीव घेऊ शकणारी तीव्र अ‍ॅलर्जी. मास्ट पेशींतून हिस्टामिनसारखी रसायने एकाएकी सुटतात; अंगावर पित्त उठते, घसा सुजतो, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. तान्ह्या बाळात कधी फक्त उलट्या व मलूलपणा दिसतो, आणि निदान हुकते. लहानपणी दूध, अंडी, शेंगदाणे; मोठेपणी प्रतिजैविके, वेदनाशामके, गांधीलमाशीचा दंश ही प्रमुख कारणे. पहिला उपचार अ‍ॅड्रिनॅलिनच : मांडीच्या बाहेरील स्नायूत, दर किलो वजनास ०.०१ मिग्रॅ., प्रौढांत कमाल ०.५ मिग्रॅ.; गरज पडल्यास ५ मिनिटांनी पुन्हा. नुसत्या अ‍ॅव्हिलसारख्या अ‍ॅलर्जीरोधक औषधावर विसंबणे घातक. त्याने सुजलेला घसा मोकळा होत नाही. रुग्णाला आडवे ठेवावे, दम असल्यास बसवावे. चालवू मात्र नये. बीटा-रोधक गोळ्या घेणाऱ्या वृद्धांत अ‍ॅड्रिनॅलिन कमी लागू पडल्यास ग्लुकागॉन देतात. लक्षणे ओसरूनही काही तासांनी उलटू शकतात, म्हणून रुग्णालयात देखरेख आवश्यक.